तीस काय?

प्रश्न यायचा तो सकाळी, दूध तापायला ठेवलं की.

भूत म्हटलं की माणसं अंधार धरून बसतात. पण ओळंब्याला जिवंतपणी वेळकाळ कळत नव्हता, तो मेल्यावर कुठून कळणार? चांगलं साडेआठचं ऊन ओट्यावर आलेलं असायचं, सायीला सुरकुत्या पडायला लागलेल्या असायच्या, आणि वहिनीच्या पाठीमागून, दाराच्या चौकटीतून, त्याच जरा कोरड्या आवाजात यायचं:

"तीस काय?"

एवढंच. ना हाक, ना उसासा. वर्षभर येणारा माणूस निदान एकदा तरी 'बरी आहेस ना' म्हणेल की नाही? पण संसारातसुद्धा त्यानं कधी ते विचारलं नव्हतं. वहिनी तापाने फणफणली होती तेव्हाही कपाळाला हात लावून "किती?" एवढंच म्हणाला होता.

पहिल्या वेळी ती गर्रकन मागे वळली होती. दारात कोणी नव्हतं, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. तेव्हापासून ती वळायची नाही. गॅस बंद करायची, फडक्यानं भांडं उतरवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, अहो, आता कसलं तीस नि काय. झालं ना सगळं.

तिला वहिनी म्हणणारा खरा हक्काचा माणूस एकच, तिचा दीर. पण तो ज्या पंपघरात कामाला, तिथल्या सगळ्यांनीच तो शब्द उचलला आणि मग ती साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची वहिनी झाली. तिच्या नवऱ्याला मात्र सगळे ओळंबा म्हणायचे. गवंडी भिंत सरळ आहे की नाही ते दोऱ्याला वजन बांधून बघतात ना, तो ओळंबा. खिशात दोरा आणि दोऱ्याला बांधलेलं लोखंडी नट घेतल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडायचा नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं सासरच्या भिंतीवरचा आरसा तिरका आहे म्हणून उतरवून पुन्हा लावला होता. सासरे वर्षभर नीट बोलले नाहीत.

शहराला पाणी पुरवणारी टाकी जमिनीत होती आणि तिच्यावर मातीची टेकडी रचून गवत लावलं होतं. पायथ्याशी पंपघर, पंपघराला चिकटून दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत वहिनीचा बावीस वर्षांचा संसार. टेकडीचं गवत कापणं हे ओळंब्याचं काम. बाहेरच्याला वाटतं, गवत काय, वाढलं तर वाढलं. पण गवत माजलं की टाकी कुठे पाझरते ते दिसत नाही, घुशी बिळं करतात, मुळं खाली सिमेंटपर्यंत जातात. म्हणून ते कापावंच लागतं, आणि टेकडी चारी बाजूंनी सारखी नव्हती.

मुलगी शाळेत असताना ओळंब्यानं एका रविवारी तिच्या कंपासपेटीतला कोनमापक लांबवला. त्याच्या मध्यावर भोक पाडलं, दोरा ओवला, खाली नट लोंबकळत सोडलं. कोनमापकाची सरळ बाजू एका पट्टीला चिकटवली. पट्टी गवतावर टेकवायची, नट डोलायचं थांबलं की दोरा नव्वदाच्या आकड्यापासून किती सरकला ते बघायचं. दिवसभर तो टेकडीवर वाकून वाकून फिरला आणि प्रत्येक बाजूच्या पायथ्याशी सिमेंटचा खांब रोवून त्यावर पांढऱ्या रंगानं आकडा काढला. पाच. बारा. सतरा. तीस. मुलगी दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला अंगठे धरून उभी राहिली, पण टेकडीच्या बाजूंना नावं मिळाली. आज बाराचं उरकलं, उद्या सतराचं घेतो, असं तो जेवताना सांगायचा.

त्याचे कायदेही ठरलेले. बसून चालवायचं यंत्र उतारावर सरळ वर जाणार आणि सरळ खाली येणार, आडवं कधीच नाही, कारण आडवं गेलं की ते कलंडायला निमित्तच शोधतं. ढकलायचं यंत्र मात्र आडवंच चालवायचं, म्हणजे पाय घसरला तर ते अंगावर येत नाही. दव वाळल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तिसाच्या बाजूला चाक असलेली कुठलीही वस्तू न्यायची नाही. तिथे खांद्याला अडकवायचं यंत्र, खिळ्यांचे बूट, आणि वरच्या लोखंडी गजाला बांधून कमरेला दोर.

"चाकाला डोकं नसतं," म्हणायचा. "त्याला फक्त खाली जायचं कळतं."

आणि हाच माणूस गेल्या वर्षी बसायच्या यंत्रावरून तिसाच्या बाजूला चढला, मध्यावर कलंडला, आणि यंत्राखाली आला.

चौकशीच्या कागदावर दोनच शब्द होते: चालकाचा निष्काळजीपणा. ज्यानं आयुष्यात चहाचा कप बशीत तिरका ठेवला नाही, त्याचा निष्काळजीपणा. वहिनीनं तो कागद वाचला, नीट घडी करून ट्रंकेत ठेवला आणि त्या दिवसापासून टेकडीच्या त्या अंगाला बघायचं सोडलं.

पण न बघूनही ते दिसायचंच. वर्षभर तिसाच्या बाजूला कोणी कापलं नव्हतं. गवत कमरेइतकं झालं होतं, आणि त्यात एक पट्टा, यंत्राच्या रुंदीचा, पायथ्यापासून मध्यापर्यंत, तेवढाच आखूड राहिला होता. का ते कोणाला सांगता येईना. पंपघरातले म्हणत, तेल सांडलं असेल. असेल. पण वारा नसताना त्या पट्ट्याच्या कडेचं गवत एका रांगेत वाकायचं, कोणी तिथून चालत गेल्यासारखं, आणि कधीकधी भर दुपारी तिथून यंत्राचा आवाज यायचा. सुरू व्हायचा, चढायचा, मध्यावर थांबायचा. वहिनी भांडी घासत राहायची. सवय कशाचीही होते. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची होते, तशी याची झाली.

मग एका संध्याकाळी दीर आला. नवऱ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, बोलका, बसताना खुर्ची उलटी करून बसणारा.

"वहिनी, उद्या तिसाचं कापतोय."

तिच्या हातातला कप बशीवर वाजला. "कशानं?"

"नवीन मशीन आलंय ना, बसायचं. तपासणीवाले येणार आहेत परवा. साहेबांचा जीव टांगणीला लागलाय."

"भाऊजी, तुमचा दादा तिथे चाक नेत नव्हता."

"नेलं की शेवटी." तो बोलून गेला आणि मग त्याचा आवाज खाली आला. "हे बघा, वर्षभर सगळे मला तोंडावर सांगतायत, तुझा भाऊ बेफिकीर होता. दादा बेफिकीर? त्याच्याच वाटेनं मी वर जाणार आणि खाली येणार. मशीन जुनं होतं, दादा नाही, हे एकदा दिसू दे सगळ्यांना."

"आणि नाही आलात खाली तर?"

"नियमांच्या कागदावर लिहिलंय ना, तीसपर्यंत चालतं म्हणून. तुम्हीच तर दादाला वाचून दाखवला होतात. तो कागद काढून ठेवा, साहेबांकडची प्रत हरवलीये." त्यानं चहा फुरकला आणि हसला. "नव्या मशीनवर तर भलतीच गंमत आहे. पत्र्यावर पंधरा लिहिलंय, आणि पुढे वरच्या अंगाला एक बारकं शून्य. साहेब म्हणतात, दीडशे असणार, छापणाऱ्यानं शून्याची कंजुषी केलीये."

"दीडशे काय?"

तिच्या तोंडून गेलं. तिला स्वतःलाच दचकायला झालं, आणि समोर बघते तर दिराचा कप ओठांपाशी थबकलेला. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलेलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. कागद सकाळी देते."

तो गेला. जाताना चपला उलट्यापालट्या घालून गेला.

सकाळी तिनं दूध ठेवलं आणि ट्रंक उघडली. वरती चौकशीचा कागद, त्याखाली ओळंब्याची पट्टी, दोरा न् नट तसंच गुंडाळलेलं, आणि सगळ्यांत खाली तो नियमांचा कागद, चार घड्यांचा. गेल्या वर्षी ओळंब्यानं तो घरी आणला होता. त्याला जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा करायचा नव्हता, चष्म्यानं माणूस म्हातारा दिसतो म्हणे. म्हणून वाचायचं काम वहिनीचं. ओट्याशी उभ्या उभ्या, एका हातात कागद आणि दुसऱ्यात डाव, असं वाचलं होतं तिनं. 'बसून चालवायचे यंत्र उतार तीसपर्यंत वापरण्यास हरकत नाही.'

"तीस काय?" त्यानं दारातून विचारलं होतं.

"तीस म्हणजे तीस. लिहिलंय ते वाचलं."

"अगं पण, काय तीस?"

"अहो, दूध उतू जातंय!"

तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला होता. मग "बरं" म्हणाला आणि गेला. तिसऱ्या दिवशी यंत्र घेऊन चढला.

आता तिच्या नाकावर चष्मा होता. कागद खिडकीशी धरला. प्रतीची प्रत काढून काढून अक्षरं राखाडी झाली होती. तीसचा आकडा होता, आणि आकड्यापुढे माशी बसून उडाल्यासारखं काहीतरी. तिनं कागद उजेडात तिरका केला. माशी नव्हती. दोन बारीक गोळे आणि मधून तिरकी रेघ.

"तीस काय?" पाठीमागून आलं.

"टक्के," वहिनी म्हणाली.

तिनं वर्षात पहिल्यांदा उत्तर दिलं होतं. दारात काही हललं नाही.

टक्के तिला ठाऊक होते. मुलीच्या निकालावर असायचे, दुकानांच्या पाट्यांवर असायचे. शंभरात तीस. आणि खांबावरचा तीस? तो तर कंपासपेटीतल्या कोनमापकाचा, अंशातला. एकाला पुढे गोळे-रेघ, दुसऱ्याला डोक्यावर बारकं शून्य, आणि ही दोन्ही शेपटं तोडली की उरतो तो नुसता तीस. ती चिन्ह बघूनही पुढे गेली होती. डाग समजून, की दुधाच्या घाईत, हे तिला आता कितीही आठवून ठरवता येईना.

तिनं गॅस बंद केला. साय अजून सपाट होती.

शिलाईची टेप, ओळंब्याची मीटरभर लांबीची दुसरी पट्टी आणि पाणसळ, म्हणजे पट्टी समतल आहे की नाही ते बुडबुड्यावरून सांगणारी काचनळी, एवढं घेऊन, कागद आणि ट्रंकेतली कोनमापकाची पट्टी कमरेला खोचून, ती टेकडीवर गेली. शंभरात तीस म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, पण परकर शिवणाऱ्या बाईला घेर आणि उतार कळतो. पट्टीचं एक टोक गवतावर टेकवायचं, दुसरं उताराच्या बाजूला हवेत धरायचं, बुडबुडा मधे आला की हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडायची. आडवं शंभर गेल्यावर खाली किती गेलो, एवढंच.

सतराच्या खांबापाशी मोजलं. तीस, आणि वर केसभर.

ती तिथे थोडा वेळ बसून राहिली. म्हणजे कागद सांगत होता ते इथवर. ओळंब्याचे कायदेही सांगत होते ते इथवरच. दोघांचं भांडण नव्हतंच मुळी. भांडण तिच्या ओट्यापाशी लागलं होतं.

मग ती तिसाच्या बाजूला गेली. त्या पट्ट्यातून, गवताला धरून धरून, गुडघ्यांवर. दव होतं, चप्पल दोनदा निसटली, शेवटी तिनं चपला काढून टाकल्या. दोन्ही बाजूंना कमरेइतकं गवत आणि मधे हा आखूड, ओला, कोणीतरी निगुतीनं राखल्यासारखा पट्टा. मध्यापाशी पोचल्यावर तिनं पट्टी टेकवली. बुडबुडा मधे आणला. टेप खाली सोडली. अठ्ठावन्न.

पुन्हा मोजलं. अठ्ठावन्न.

जवळपास दुप्पट. त्याचा तीस आणि कागदाचा तीस एकमेकांचे कोणीच लागत नव्हते. तिनं कमरेला खोचलेली कोनमापकाची पट्टी काढली, उताराला लावली. वारा नव्हता, तरी नट बराच वेळ डोलत राहिलं, नाही म्हणणाऱ्या माणसाच्या मानेसारखं. मग थांबलं, नेमकं त्याच्या आकड्यावर. "बरोबर होतं हो तुमचं," ती म्हणाली. "माझंच चुकलं वाचताना."

खालून यंत्राचा आवाज आला.

ती उठली नाही. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. सुरू होणार, चढणार, मध्यापाशी थांबणार. आज ती स्वतःच मध्यावर बसली होती, एवढाच फरक. येऊ दे, तिनं मनाशी म्हटलं, आलातच तर समोरासमोर सांगते. आवाज वाढला. गवताचे शेंडे थरथरले. आणि मग तिला पेट्रोलचा वास आला.

वर्षभरात आवाज कितीदा आला असेल, पण वास कधी आला नव्हता.

ती धडपडत उभी राहिली. खाली पायथ्याशी दिरानं यंत्राचं तोंड वर वळवलं होतं. पुढची दोन चाकं पट्ट्यावर चढलीसुद्धा होती. मान खाली, दात आवळलेले, भावाच्या वाटेनं.

"भाऊजी! थांबा!"

इंजिनाच्या आवाजात तिचं ओरडणं कुठल्या कुठे गेलं. हात हलवायला गेली आणि मीटरची पट्टी सुटली. ओल्या गवतावरून ती अशी निघाली की बघता बघता नुसती रेघ दिसली. कुठे अडली नाही, कुठे रेंगाळली नाही, सरळ जाऊन पुढच्या चाकावर ताडकन आपटली.

दिरानं वर बघितलं. कमरेइतक्या गवतात, मोकळ्या केसांनी, अनवाणी उभी राहिलेली बाई. तो असा पांढरा पडला की पुढे कित्येक दिवस ती त्याला त्यावरून चिडवणार होती. चाकं हळूच मागे घेऊन त्यानं इंजिन बंद केलं.

"वहिनी? तुम्ही आहात का?"

"मीच आहे. उतरा खाली आधी."

तो उतरला. तिला मात्र बसून घसरत घसरतच यावं लागलं, आणि येता येता तिनं ठरवलं होतं ते सगळं विसरलं. खाली आल्यावर नुसता कागद पुढे केला, बोट त्या चिन्हावर ठेवलं.

"हे आहे टक्के. खांबावर आहेत ते अंश. टक्क्यातला तीस तिकडे सतराला संपतो, मी आत्ता मोजून आलेय. इथे टक्के काढले तर अठ्ठावन्न होतात. आणि तुमच्या मशीनवरचं ते दीडशे नाही. पंधरा अंश आहे. पंधरा." तिला धाप लागली. "तुमच्या दादानं विचारलं होतं मला, तीस काय. मी वाचलंच नाही पुढचं. टक्के मी खाल्ले, भाऊजी."

एरवी या वाक्यावर तो पोट धरून हसला असता. आता तो कागदाकडे बघत राहिला, मग खांबाकडे, मग चाकापाशी पडलेल्या पट्टीकडे.

"वर्षभर तुम्ही..."

"आज सकाळी कळलं. कालपर्यंत कळलं असतं तर काल चहा पाजला असता का तुम्हाला?"

तो मटकन यंत्राच्या पायरीवर बसला.

"मलाही विचारलं होतं त्यानं," तो म्हणाला. "त्या दिवशी. मी पेट्रोल भरत होतो. 'तीस काय रे?' म्हणाला. मी म्हटलं, दादा, आता कीस काढत बसू नकोस, साहेब वाट बघतायत." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "अजून विचारतो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं की."

वहिनी त्याच्या शेजारी बसली. दोघं दीर-भावजय एका पायरीवर, समोर गवत.

"मला दूध ठेवलं की," ती म्हणाली.

साहेब पोचले तेव्हा ते दोघं तसेच बसले होते. ठेंगणे, सज्जन, कायम कुठल्यातरी तपासणीला घाबरलेले साहेब. त्यांनी आल्या आल्या घड्याळ बघितलं, मग वहिनीचे चिखलाचे पाय बघितले आणि घड्याळ बाहीखाली सारलं. तिनं कागद त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी न अडखळता. ती एवढी एक ओळ वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"मला वाटलं, तीस काय विचारून तो माझी परीक्षा बघतोय," ते हळूच म्हणाले. "मी म्हणालो, आकडा कळतो ना, मग झालं."

दिरानं चाकापाशी पडलेली पट्टी उचलून पुसली.

"साहेब, तो निष्काळजीपणा खोडा," वहिनी म्हणाली. "पाहिजे तर तिथे माझं नाव घाला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "मग तीन नावं घालावी लागतील," ते म्हणाले. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "अर्ज लिहितो. मीच लिहितो. आणि तपासणीवाल्यांना सांगतो, ही बाजू हातानं कापायची आहे, वेळ लागेल."

वेळ लागला. चार दिवस दीर खिळ्यांचे बूट घालून, खांद्याला यंत्र अडकवून, वरच्या गजाला बांधलेल्या दोरावर आडवा आडवा सरकत होता. दोराची गाठ रोज सकाळी वहिनी स्वतः ओढून बघायची. पट्ट्यापाशी आल्यावर त्यानं वर बघून विचारलं, "हेही घेऊ?" तिनं मान डोलावली. संध्याकाळपर्यंत ती बाजू सगळी एकसारखी झाली, पट्टा कुठे होता ते शोधूनही सापडेना. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं वाटलंही, पण पुरतं नाही.

चार दिवस दूध मुकाट्यानं तापत होतं. दारातून कोणी काही विचारलं नाही. स्वयंपाकघर एवढं मोठं कधी झालं, तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी तिनं पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेतला आणि खांबांकडे गेली. तिसाच्या डोक्यावर उजवीकडे एक बारकं शून्य काढलं. सतराला काढलं. बाराला काढलं. दीर मागून डबा धरून चालत होता. पाचाच्या खांबापाशी ती वाकली, थोडा वेळ बघत राहिली आणि डब्याचं झाकण लावलं.

"वहिनी, हा राहिला."

"राहू दे."

"अहो, पण उद्या कोणीतरी विचारेल, पाच काय म्हणून."

पाचाची बाजू म्हणजे जवळजवळ सपाटच. तिथे टक्के घ्या की अंश घ्या, लहान मूल गडगडत गेलं तरी हसतच उठेल.

"विचारू दे की," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं दूध ठेवलं आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. गॅस मुद्दाम बारीक केला होता.